सड्याचे पाणी आणि खाजनाचा बांध

डिसेंबरच्या ३ तारखेला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचा सण असतो. त्याच्या नोव्हेनासाठी वसई-मुंबईकडील कितीतरी कुटुंबे दरवर्षी कोकण रेल्वेने गोव्यास जातात, आम्हीही त्यांतलेच. रात्री गाडीत बसावे, सकाळी पेडण्याची पाटी दिसताच "उठा, गोवा आला" म्हणून मुलांना हलवून जागे करावे आणि करमळीला उतरून थेट बासिलिकेची वाट धरावी, एवढाच आमचा आणि पेडण्याचा आजवरचा संबंध होता. या खेपेस मात्र सणाच्या पंधरा दिवस आधी पेडण्याहून आमच्या एका जुन्या स्नेह्यांचे पत्र आले. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक. पंचवीस वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका मेळाव्यात आमची ओळख झाली. धर्म वेगळा, प्रांत वेगळा, तरी स्नेह टिकला. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. पत्रात त्यांनी लिहिले होते : "दरवर्षी आपण आमच्या दारावरून जाता आणि उतरत नाही. यंदा चार दिवस आधी या. आमचे सडे, आमची खाजने, आमच्या विहिरी एकदा पाहून घ्या. पुढे त्या पाहावयास मिळतीलच असे सांगवत नाही."

शेवटचे वाक्य वाचून आम्हांला जरा चुटपुट लागली. त्याचे कारण काय ते पुढे सांगू. तूर्त एवढेच की आम्ही तिकीट बदलून घेतले.

उत्तरेकडून येताना पेडणे स्टेशनच्या अलीकडे गाडी एका लांब बोगद्यात शिरते. मास्तर स्टेशनवर उभे होते. कुशल विचारण्याच्या आधीच ते म्हणाले, "बोगद्यातून आलात ना? मग पहिला धडा झालाच." २०२० च्या ऑगस्टमध्ये याच बोगद्याची भिंत पावसात ढासळली होती, आणि २०२४ च्या जुलैत रुळांवर चिखलपाणी उसळून आल्यामुळे गाड्या थांबवाव्या लागल्या, कित्येक दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. "डोंगर म्हणजे दगडांची रास अशी आपली समजूत असते," मास्तर म्हणाले. "आमचा डोंगर म्हणजे पाण्याची कोठी आहे. तिला भोक पाडले की ती आपली जाणीव करून देते."

पेडणे आणि डिचोली हे गोव्याच्या उत्तर टोकाकडील दोन तालुके. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगीजांच्या हाती गेले. म्हणून त्यांची गणना नव्या काबिजादींत होते. सासष्टी-बारदेशाप्रमाणे येथे पावलोपावली चर्च दिसत नाही. देवळे, भजने, दशावतार आणि मराठी शाळा यांचा हा मुलूख. पेडण्याहून सावंतवाडी जवळ, पणजी त्यामानाने दूर. पेडण्याच्या उत्तरेस तेरेखोल नदी, दक्षिणेस शापोरा नदी, पश्चिमेस समुद्र. आणि मध्ये जांभ्या दगडाची सपाट पठारे. या पठारांना येथे सडा म्हणतात.

पहिल्या दिवशी मास्तरांनी आम्हांला सड्याच्या कडेला नेले. पाऊस सरून दीड महिना झाला होता. गवत पिवळे पडले होते आणि पायाखाली काळपट, खडबडीत कातळ लागत होता. परक्या माणसाला ही जमीन ओसाड वाटावी. सरकारी कागदांतही सड्याला कित्येकदा पडीक जमीन म्हणतात. पण पावसाळ्यात याच कातळावर सीतेची आसवे आणि पानगेंद यांचे जांभळे-पांढरे गालिचे पसरतात. कोकणच्या सड्यांवरील दीपकाडी तर जगात इतरत्र कोठेही आढळत नाही. आणि या फुलांहूनही मोठी गोष्ट कातळाच्या आत चालते. जांभा दगड मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र असतो. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १२० इंच पाऊस पडतो. त्यातला मोठा भाग या छिद्रांतून व भेगांतून खाली झिरपतो, तळच्या चिकणमातीच्या थरावर साठतो आणि डोंगराच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतो. त्या झऱ्यावर कुळागरातील पोफळी उभ्या असतात, त्याच्या ओहोळावर वायंगणचे भात पिकते, आणि त्याच्याच जोरावर एप्रिल-मे महिन्यांत विहिरीला पाणी राहते. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरविण्याचे काम सडा करतो.

मोपाच्या सड्यावर आज विमानतळ आहे. दोन हजार एकरांहून अधिक जमीन त्यासाठी घेतली गेली. २०१९ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची पर्यावरण-परवानगी स्थगित केली; पन्नास हजारांहून अधिक झाडे तोडावी लागणार होती, आणि परवानगी मागताना परिसराची नीट माहिती दिली गेली नव्हती, असे न्यायालयास आढळले. पुढे २०२० च्या जानेवारीत काही अटी घालून स्थगिती उठविण्यात आली. ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली.

आम्ही तेथे उभे असताना डोक्यावरून एक विमान गेले. मास्तरांनी त्याला दोष दिला नाही. ते म्हणाले, "माझी मुलगी बंगळूरला असते. ती याच विमानाने येते, आणि ती आली की मला आनंदच होतो. ज्या रेल्वेने आपण आलात तिच्यासाठीही डोंगर फोडलेच. प्रश्न एवढाच की कोठीचा कोणता भाग फोडला, खालच्या कोणत्या गावाचा झरा त्यावर होता, याचा हिशेब कोणी ठेवतो का?" आम्हांला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी समुद्राकडे गेलो. हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी ही नावे आता परदेशी प्रवाशांच्याही तोंडी आहेत. मोरजीच्या वाळूत थंडीच्या दिवसांत रात्री सागरी कासवांच्या माद्या येतात, मागच्या पायांनी खड्डा खणतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात, वर वाळू लोटतात आणि आल्या वाटेने परत जातात. एकोणिसशे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून वनखाते गावकऱ्यांच्या मदतीने ही घरटी राखते. पूर्वी अंडी उकरून खाल्ली जात. आता त्याच गावांतले तरुण रात्री पहारा करतात. ही गोष्ट ऐकून आम्हांला बरे वाटले. माणूस शिकतो, याचा तो पुरावा आहे.

पण पहाऱ्याने सर्व संकटे टळत नाहीत. कासवाच्या अंड्यातून नर निघावा की मादी, हे वाळूची ऊब ठरविते. वाळू थोडी थंड असेल तर नर अधिक, सुमारे ३० अंशांच्या पुढे तापली तर माद्या अधिक. पृथ्वी अशीच तापत राहिली तर एक दिवस माद्याच माद्या जन्मतील. घरट्याभोवती कुंपण घालता येते. वाळूच तापली तर ती निववायची कशी? शिवाय पिले बाहेर पडताच समुद्रावरच्या उजेडाकडे धाव घेतात. किनाऱ्यावरच्या दिव्यांचा झगमगाट त्याहून प्रखर झाला की ती उलट दिशेने, जमिनीकडे चालू लागतात. आम्ही ते दिवे पाहिले, आणि दिशाभूल काय कासवाच्या पिलांचीच होते, असा एक विचार मनात येऊन गेला.

तेथून शापोऱ्याच्या काठी आगरवाड्यास आलो. आगर म्हणजे मिठागर. गावाचे नावच त्या धंद्यावरून पडले. मीठ जानेवारीनंतर धरू लागते, म्हणून या दिवसांत वाफे उपसून, तळ चोपून तयार करण्याचे काम चालू होते. गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या एका वयस्क मिठागऱ्याला आम्ही विचारले, "यंदा कसे आहे?" तो हसून म्हणाला, "मीठ हे उन्हाचे पीक. ऊन भरपूर आहे. पण अवेळी पाऊस आला तर एका रात्रीत सगळे परत समुद्राचे!" हा अवेळी पाऊस आता वारंवार येतो. आपला अरबी समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागराहून शांत समजला जाई. गेल्या चार दशकांत त्याचे पाणी एक अंशाहून अधिक तापले आहे, आणि ऊन पाण्यावर वादळे पोसली जातात. २०१९ च्या ऑक्टोबरात 'क्यार' वादळ आले, तेव्हा कापणीला आलेले भात शेतातच भिजून आडवे झाले. २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' गोव्याच्या किनाऱ्यालगत गेले आणि ऐन मिठाच्या हंगामात पाऊस ओतून गेले. ज्या धंद्यांचे पंचांग पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले, त्यांचे पंचांगच कोणीतरी फाडावे, तसे हे झाले.

मिठागरांच्या पलीकडे खाजने लागतात. खाजन हे गोव्याचे खरे आश्चर्य आहे. बासिलिका पाहणाऱ्या प्रत्येकाने खाजनही पाहावे, असे आम्हांला आता वाटते. नदीच्या मुखाजवळची ही जमीन भरतीच्या पाण्याहून खालच्या पातळीवर असते. फार प्राचीन काळी येथील लोकांनी माती, पेंढा आणि जांभ्या दगडांचे बांध घालून ती खाऱ्या पाण्यापासून सोडविली. बांधात ठिकठिकाणी लाकडी दारांचा मानस असतो. भरती आली की नदीचे पाणीच दार ढकलून बंद करते; ओहोटी लागली की आतले पाणी ते उघडून बाहेर जाते. ना वीज, ना यंत्र. आत भात पिकते, मानसाजवळच्या तळीत मासे मिळतात, आणि बाहेरच्या बाजूला खारफुटीची झाडे लाटांचा मार अंगावर घेतात. खारटपणा सोसणारा कोरगुट नावाचा तांबडा भात येथलाच. मास्तरांच्या घरी वहिनींनी आम्हांला त्याची पेज वाढली. तिच्याबरोबर तोरांचे लोणचे. सणाच्या पक्वान्नांहून तिची चव आम्हांला अधिक आठवते.

बांधावर एक वृद्ध शेतकरी भेटले. ते म्हणाले, "बांध गावाचा होता. रात्री-अपरात्री भगदाड पडले म्हणजे ज्याच्या दृष्टीस पडे त्याने हाक द्यायची, आणि हाक ऐकली की जेवत्या ताटावरून उठायचे. कोणाच्या शेताजवळ फुटला हे विचारायचे नाही. कारण पाणी विचारत नाही." पुढे ते जरा थांबून म्हणाले, "आता बांध सरकारचा आहे."

या एका वाक्यात मोठा इतिहास आहे. जमिनीची, बांधांची आणि मानसांची व्यवस्था पूर्वी गावकरी पाही. गावकरीच्या रूढी इतक्या जुन्या की पोर्तुगीजांनी १५२६ साली त्या लिहून काढल्या तेव्हाही त्या परंपरेने चालत आलेल्याच होत्या. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, हे न्यायाचेच झाले; परंतु बांधाचे ओझे नक्की कोणाच्या खांद्यावर, हे मात्र सैल होत गेले. मुले नोकरीला गेली, शेते पडीक राहिली, काही ठिकाणी मासळीच्या लोभाने मानस मुद्दाम उघडे ठेवण्यात आले. आणि नेमक्या याच काळात समुद्र वर येऊ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभापासून जगातील समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटरांनी, म्हणजे जवळजवळ एका वितीने चढली आहे, आणि चढण्याचा वेग वाढतो आहे. वीतभर म्हणजे काही फार नव्हे, असे डोंगरावर राहणारा म्हणेल. ज्याचे शेत भरतीच्या खाली आहे आणि ज्याचा बांध दोन वर्षे दुरुस्त झालेला नाही, त्याला वितीची किंमत विचारावी.

तिसऱ्या दिवशी आम्ही शापोऱ्याच्या काठाने वर निघालो. हणखणे, इब्रामपूर, आणि पुढे डिचोली तालुक्यातले साळ. हीच नदी महाराष्ट्रात दोडामार्गाकडे तिळारी म्हणून ओळखली जाते, आणि तेथे दोन्ही राज्यांच्या भागीदारीतले धरण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टी झाली, धरणातून पाणी सोडावे लागले, आणि या गावांत घरांतून, गोठ्यांतून, बागायतींतून पाणी शिरले. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, सत्तरी व डिचोली तालुक्यांत असा पूर आला की १९८२ नंतरचा हा सर्वांत भीषण पूर, असे खुद्द मुख्यमंत्र्यांनी म्हटले. पाऊस पूर्वीही पडत होता. मग आता निराळे काय आहे? शास्त्रज्ञ सांगतात त्याचा सोपा अर्थ असा : हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. ते बाष्प रोज थोडे थोडे उतरत नाही. कधी महिनाभर ओढ देते आणि कधी चार दिवसांत सगळेच उतरते. अशा पावसाला जिरविण्यासाठी सडा हवा, अडविण्यासाठी रान हवे, सामावण्यासाठी खाजन हवे. म्हणजे ज्या गोष्टींची गरज आज सर्वांत अधिक, त्याच आपण आज मोडीत काढीत आहोत. आमच्या सगळ्या प्रवासाचे सार या एका गोष्टीत आहे.

डिचोलीत शिरताच मातीचा रंग बदलतो. रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर, घरांच्या कौलांवर तांबडी धूळ दिसते. हा लोहखनिजाचा प्रदेश. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या दशकांत खाणींनी जोर धरला, आणि २०१०-११ साली गोव्याच्या बंदरांतून वर्षाला पाच कोटी टनांहून अधिक खनिज परदेशी गेले. एक टन खनिज मिळविण्यासाठी दोन-तीन टन माती-दगड उपसून बाजूला टाकावा लागतो. पावसात त्या ढिगाऱ्यांची माती ओहोळांत आणि शेतांत उतरते. खाणींचे खड्डे कित्येक ठिकाणी समुद्रसपाटीच्याही खाली गेले. त्यांत भूजल येते, ते पंपांनी उपसावे लागते, आणि मग शेजारच्या गावच्या विहिरी आटतात. लईराईच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या शिरगावची विहिरींची तक्रार याच कारणाने उच्च न्यायालयापर्यंत गेली. डिचोलीतील एक शाळामास्तर, श्री. रमेश गावस, यांनी या विषयावर वर्षानुवर्षे लोकांना जागे करण्याचे काम केले. सत्तरीतील केरी गावचे श्री. राजेंद्र केरकर यांनी रानांविषयी, नद्यांविषयी, देवरायांविषयी लेखणी झिजविली. मोठ्या संस्थांच्या आधी अशी साधी माणसेच हाक देतात.

पुढचा इतिहास वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर २०१२ साली खाणी बंद झाल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले व मार्चमध्ये काम पुन्हा थांबले. २०२२ च्या अखेरीस लिलाव झाले आणि २०२४ साली डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले. येथे एका बाजूनेच बोलणे न्यायाचे होणार नाही. खाणी बंद पडल्या तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्या कुटुंबांची चूल विझायची वेळ आली, बार्जींवरची माणसे घरी बसली. डिचोलीच्या चहाच्या दुकानात एक ट्रकमालक आम्हांला म्हणाले, "विहीर आटली तेही माझ्याच घरची, आणि ट्रकचा हप्ता थकला तोही माझ्याच घरचा. आता तुम्हीच सांगा, मी कोणाच्या बाजूने बोलू?" या माणसाला खलनायक ठरवून हवामानबदलावर व्याख्यान देणे सोपे आहे. त्याच्या घरी विहिरीलाही पाणी असावे आणि चुलीवरही भात असावा, अशी व्यवस्था करणे कठीण आहे. आणि खरे काम तेच आहे.

तालुक्यात सगळेच उजाड आहे असेही नव्हे. मयेचा तलाव हिरव्या टेकड्यांच्या कुशीत शांत पहुडला होता. पाण्यावर पाणकावळे बसले होते. सुर्ला गावची पूर्वतळीची राय आम्ही मुद्दाम पाहिली. देवाच्या नावाने राखलेले हे रान आज गोव्यातील पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाले आहे. आत पाऊल टाकताच गारवा लागला. येथे कुऱ्हाड चालवायची नाही, एवढा एकच नियम पूर्वजांनी घातला आणि पिढ्यांनी पाळला. त्यांनी हवामानशास्त्राचे पुस्तक वाचले नव्हते. पण रान गेले की झरा जातो, हे त्यांना ठाऊक होते आणि ते ज्ञान त्यांनी भक्तीच्या हाती सुरक्षित ठेवले. आमच्या धर्मपरंपरेतही ही जाण नवी नाही. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पृथ्वीला आपले सर्वांचे सामायिक घर म्हटले आणि पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्याची विनंती केली. पूर्वतळीच्या सावलीत उभे असताना, हे शब्द रोमहून आले तरी त्यांचा अर्थ येथल्या मातीत आधीच उगवलेला आहे, असे आम्हांला वाटले.

चौथ्या दिवशी नार्व्याहून फेरीने दिवाडी बेटावर व तेथून जुन्या गोव्यास जावयाचे होते. नार्वे म्हणजे सप्तकोटेश्वराचे गाव; १६६८ साली शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. मास्तर धक्क्यापर्यंत पोहोचवावयास आले. समोर मांडवीचे रुंद पात्र, काठाने खारफुटी, तिच्याआड बांध. फेरी येईपर्यंत आम्ही बांधावर बसलो, आणि चार दिवस मनात डाचत असलेली गोष्ट मास्तरांना सांगून टाकली.

वाचकहो, तीच आता आपणांसही सांगतो. आमच्या वसईत प्रत्येक वाडीला बावखल असे. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचे तळे. त्यावर बागायत भिजे, गुरे पाणी पीत, मुले पोहावयास शिकत, आणि पावसाचे पाणी त्यात साठून भोवतालच्या विहिरी गोड राहत. आमच्या घराण्याचीही बावखल होती. आजोबांच्या वेळची, काठाला आंब्याची रांग. १९९४ साली आम्ही भावांनी घरे वाढविण्यासाठी तिचा निम्म्याहून अधिक भाग भराव टाकून बुजविला. कोणी बळजबरी केली नव्हती, कोणी फसविले नव्हते. गाडीमागून गाडी डेब्रिज येऊन पडत होते आणि आम्ही स्वतः उभे राहून ते सारखे करून घेतले. ज्या काळात आमच्याच वसईत हरित वसईची चळवळ चालू होती, तिच्या सभांना आम्ही जात होतो, टाळ्याही वाजवीत होतो. पण ती हाक आपल्या अंगणाला लागू आहे, हे मनात आले नाही. आज आमच्या विहिरीचे पाणी मचूळ आहे. उन्हाळ्यात टँकर येतो. आणि २०१८ च्या जुलैत वसई जलमय झाली, तेव्हा ज्या जागी बावखल होती नेमक्या त्याच खोलीत पाणी आधी आले. पाणी आपली जागा विसरत नाही.

मास्तर ऐकून घेऊन म्हणाले, "आणि उरलेली निम्मी?"

ती अजून आहे. जलपर्णीने भरलेली, डासांची. मोटारी ठेवण्यासाठी ती भरून टाकण्याचे आमच्या घरी ठरत आले होते.

"मग भगदाड आपल्या दृष्टीस पडले आहे," मास्तर म्हणाले. "हाक आपणच द्यायची."

फेरी आली. आम्ही पलीकडे गेलो, नोव्हेनाला उभे राहिलो, सणाची मिस्सा ऐकली, आणि घरी परतल्यावर त्याच आठवड्यात भावांना एकत्र बसविले. गोव्याची सर्व हकीकत सांगितली. धाकटे बंधू गाळ उपसण्यास तयार झाले. थोरले बंधू अद्याप तयार नाहीत. मोटारी रस्त्यावर ठेवाव्या लागतात, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. बोलणे चालू आहे. तूर्त भराव थांबला आहे, एवढेच नमूद करतो.

हवामानबदल म्हटले की आपणांस दूरच्या हिमनगांची चित्रे दाखविली जातात. ती खरी आहेत. पण हिमनग वाचविण्यासाठी आपणांस ताटावरून उठता येत नाही. आपल्या गावचा सडा कोणता, त्यावर कोणाची नजर आहे, आपली विहीर मे महिन्यात किती हात खाली जाते, ओढा कोठे अडला आहे, ग्रामसभेत जमिनीच्या रूपांतराचा विषय केव्हा येतो, हे मात्र प्रत्येक कुटुंबाला पाहता येते. कायद्याने प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती असावयाची आहे. आपल्या गावची आहे की नाही, एवढे विचारण्यास पैसे पडत नाहीत. मुलांना एक दोरी देऊन दर महिन्याला विहिरीची खोली मोजावयास लावा आणि ती भिंतीवर लिहून ठेवा. पाच वर्षांनी ती भिंत बोलू लागेल.

पुढच्या वर्षी सणाला जाताना पेडण्याच्या अलीकडे बोगदा लागेल, तेव्हा मुलांना हलवून जागे करा. पण "गोवा आला" एवढेच सांगू नका. आपल्या डोक्यावर पाण्याची एक कोठी आहे, हेही सांगा.